डबीतले अकरा ळ

त्यांच्या कोटाच्या खिशात तपकिरीची डबी असायची, पण तपकीर ते ओढत नसत. डबीत ळ होते. अकरा लहान, आणि मथळ्यासाठी एक मोठा.

असं एकदम सांगितलं तर कुणाला काही कळायचं नाही, तेव्हा जरा बैजवार सांगते. बुऱ्हाणपुरात राजपुऱ्याच्या दरवाजातून आत शिरलं की डाव्या हाताच्या गल्लीत त्यांचा छापखाना होता. छापखाना म्हणजे पायाने चालवायचं एक यंत्र, शिशाच्या अक्षरांचे, म्हणजे खिळ्यांचे, लाकडी खण, आणि हा एकच माणूस. खिळे तेच जुळवायचे, यंत्र तेच चालवायचे, शाई तेच पुसायचे आणि गिऱ्हाईकही तेच हाकलून लावायचे. हे सगळे खिळे त्यांनी खंडव्याच्या एका बंद पडलेल्या हिंदी छापखान्याकडून घेतले होते. हिंदीला ळ लागत नाही, त्यामुळे खणांत ळ नव्हताच. मराठी कामासाठी म्हणून त्यांनी मुंबईहून डझनभर लहान आणि एक मोठा ळ मागवला. लहानांतला एक उंदराच्या बिळात गेला. उरलेले डबीत घातले, डबी खिशात घातली, आणि तेव्हापासून सगळं गाव त्यांना डबीवाले काका म्हणायला लागलं.

मराठी काम आलं की ते डबी टेबलावर पालथी करायचे आणि बोटाने एकेक ळ सरकवत मोजायचे. "अकरा हजर," असं म्हटल्याशिवाय पहिला खिळा उचलायचे नाहीत. काम झालं की अकरांना रॉकेलने आंघोळ घालून पुन्हा डबीत. मुंबईला पत्र टाकून आणखी का मागवत नाही, असं ज्याने त्याने विचारून पाहिलं. उत्तर ठरलेलं असायचं.

"पुरतात. पुरले नाहीत, मतलब लिहिणारा जास्त बोलतोय."

आता मराठी माणसाला ळ टाळून चार ओळी लिहायला सांगा, म्हणजे कळेल. काकांना ते साधलं होतं. लग्नपत्रिकेत 'कळविण्यास आनंद होतो' याचं 'सांगण्यास आनंद होतो' व्हायचं, 'मंडळींसह'चं 'परिवारासह', 'वेळ'चा 'समय' आणि 'जवळ'चं 'शेजारी'. बुऱ्हाणपूरच्या मराठीत हिंदी फार शिरली, असं पुण्याकडचे पाहुणे नाक मुरडून म्हणतात. त्यातली निम्मी तरी काकांच्या डबीमुळे शिरली, असं मी त्यांना सांगते. राजधानी नागपूरला होती तोवर त्यांचं बरं चाललं होतं. ती भोपाळला जाणार म्हटल्यावर त्यांनी दोन दिवस छापखाना बंद ठेवला. सरकारने मुद्दाम आपला एक ळ खर्ची घातला, असं त्यांचं पक्कं मत झालं होतं. मग त्यांनीच तोड काढली. तिथले लोक स्वतः भोपाल म्हणतात, आपण कोण सुधारणारे?

गिऱ्हाईक आलं की ते कागद हातात घ्यायच्या आधी विचारायचे, "कोण वाचणार?" लोक म्हणायचे, सगळे. "सगळे म्हणजे कुणीच नाही. घरी जा, विचार करून या." माणूस खरोखर घरी जायचा. काही परत यायचे, काही दुसऱ्या छापखान्यात जायचे, आणि काकांना त्याचं सोयरसुतक नसायचं. काम द्यायलाही ते इतका वेळ लावायचे की त्यांच्याकडे दिलेल्या लग्नपत्रिका बारशाला मिळतात, असं लोक म्हणत. घाई हा शब्द त्यांच्या खणांत नव्हता, ळ निदान डबीत तरी होता.

शनवाऱ्यातला एक हलवाई त्यांच्याकडे पानभर मजकूर घेऊन गेला होता. सुप्रसिद्ध, जगप्रसिद्ध, शुद्ध तुपातली, तोंडाला पाणी सोडणारी मावा जिलेबी, वगैरे. काकांनी तो वाचला, घडी करून त्यालाच परत दिला आणि विचारलं, "कढईतून जिलेबी निघते किती वाजता?"

"सव्वापाचला."

"रोज?"

"रोज."

"बस. एवढंच छापू."

पत्रक निघालं: 'मावा जिलेबी सव्वापाच वाजता कढईतून निघते.' खाली दुकानाचा पत्ता. संध्याकाळी हा शब्द त्यात नव्हता, कारण संध्याकाळीत ळ, आणि गरज नसताना ळ खर्चायचा नाही हा काकांचा नेम. काका म्हणाले, पहाटे सव्वापाचला जिलेबी कोण खातो? पेन्शनीतले एक गृहस्थ दुसऱ्याच दिवशी पहाटे दुकानासमोर जाऊन उभे राहिले, ती गोष्ट निराळी. पण संध्याकाळी पाच वाजल्यापासून तिथे जी झुंबड उडायला लागली, ती पुढे कित्येक वर्षं हटली नाही. हलवाई मात्र कुरकुर करायचा. म्हणायचा, काकांनी मला घड्याळाला बांधून घातलं, बहिणीच्या लग्नाला गेलो तरी जीव सव्वापाचला इकडे.

पत्रकं वाटून झाली की काका पिशवी घेऊन बाजारात फिरायचे आणि लोकांनी टाकून दिलेली गोळा करायचे. ती घेऊन गिऱ्हाइकाच्या दुकानी जायचे आणि त्याच्या गादीवर दोन ढीग मांडायचे. "ही न वाचता फेकली, ही माझी चूक. ही वाचून फेकली, ही तुमची." न वाचता आणि वाचून हे त्यांना कसं कळायचं, ते त्यांनाच ठाऊक. घडीवरून कळतं, म्हणायचे. नेपानगरला कागदाची गिरणी सुरू झाली तेव्हा ते कुणी देवदर्शनाला जावं तसे धुतलेला कोट घालून बघायला गेले. परत आले ते चेहरा पाडून. "इतका कागद बनवताहेत बाई," मला म्हणाले, "अन् कोण वाचणार, हे एकानेही विचारलं नाही."

माझी त्यांची गाठ पडली ती आमच्या पडत्या काळात. आमचे हे एका मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, कचेरीत कारकून होते. मालगुजारी गेली, तशी कचेरी गेली. पुढे तीन-चार ठिकाणी ह्यांनी खर्डेघाशी करून पाहिली, पण कुठे बस्तान बसेना. त्याच सुमारास नकाशे नव्याने आखले जात होते. माझं माहेर मलकापूरचं, ते मुंबई राज्यात जाणार. सासर रावेरचं, ते आधीपासूनच तिकडे. आम्ही तेवढे बुऱ्हाणपूरवाले नव्या मध्यप्रदेशात. लालबागला स्टेशन आणि कापडगिरणी यांच्या मध्ये आमच्या दोन खोल्या होत्या. मी म्हटलं, मला दुसरं काही येत नाही पण स्वयंपाक येतो, खानावळ काढू.

रावेरचे मोठे दीर येऊन बसले. घराण्यातली बाई परक्या माणसांना जेवू घालणार, हे त्यांच्या पचनी पडेना. शेवटी भावाभावांत ठरलं. दिवाळीपर्यंत महिन्याच्या बोलीने जेवणारी वीस माणसं मिळाली, तर इथे राहायचं. नाहीतर बिऱ्हाड उचलून रावेरला, दिरांच्या घरी. दीर वाईट नव्हते, उगाच कशाला बोलू? पण तिथे जाणं म्हणजे जन्मभर जावेच्या हाताखाली पोळ्या लाटणं. मीठ किती घालायचं हेसुद्धा तिला विचारून. मला ते नको होतं, अगदी जिवावर आल्यासारखं नको होतं.

गणपती उठले तेव्हा माझ्याकडे नऊ माणसं होती. हे म्हणाले, पत्रक काढू. आणि रात्रभर जागून, कारकुनी अक्षरात एक मजकूर लिहून दिला. वर श्रीगजाननाला वंदन, खाली सर्व सुज्ञ, सुविद्य आणि चोखंदळ नागरिकांना नम्र निवेदन, मग शुद्ध, सात्त्विक, रुचकर, पौष्टिक आणि स्वच्छ. तो कागद घेऊन मी टांग्याने राजपुऱ्याला गेले. काकांनी चष्मा चढवला, पेन्सिल घेतली आणि कागदावर ठिपके द्यायला लागले. मला वाटलं, चुका काढताहेत.

"चौदा आहेत," ते म्हणाले.

"काय चौदा?"

"ळ. माझ्याकडे अकरा."

मग पुढचा प्रश्न आला, कोण वाचणार? मी म्हटलं, ज्याला भूक लागली असेल तो. हे उत्तर त्यांना बहुतेक बरं वाटलं असावं, कारण त्यांनी मला घरी पाठवलं नाही. म्हणाले, "जेवल्याशिवाय जेवणाचं पत्रक मी छापत नाही. उद्यापासून येतो."

आले ते चार दिवस रोज आले. येऊन कोपऱ्यातल्या पाटावर बसायचे, खाली मान घालून जेवायचे, ना बरं ना वाईट. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. पोळी लाटता लाटता मी त्यांना सगळं सांगून टाकलं, दिवाळी, वीस माणसं, रावेर, सगळं. त्यांनी नुसतं हूं केलं. चौथ्या दिवशी हात धुऊन म्हणाले, "बाई, तुमचं वरण साधारण आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या वरणाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते म्हणाले, "पण चारही दिवस मी मुद्दाम सगळ्यांच्या मागून आलो. चारही दिवस पोळी तव्यावरून पानात पडली. असं गावात कुठे नाही. हेच छापायचं."

त्यांचं म्हणणं असं. गिरणी दोन पाळ्यांत चालायची. पहिल्या पाळीची माणसं दुपारी सुटून आरामात जेवायची. दुसऱ्या पाळीला दिवेलागणीच्या सुमारास अर्ध्या तासाची सुट्टी मिळायची, आणि तेव्हा कुठेही गेलं तरी दुपारच्या गार पोळ्या पुढ्यात यायच्या. माझ्याकडे कणीक ओल्या फडक्याखाली असायची आणि माणूस पाटावर बसला की मी लाटायला घ्यायची. ह्यात सांगण्यासारखं काही आहे, हे मला सुचलंही नव्हतं.

दसरा झाल्यावर मी पुन्हा छापखान्यात गेले. काकांनी मथळा लिहून ठेवला होता: 'दुसऱ्या पाळीलाही गरम पोळी.' खाली बारीक अक्षरात, माणूस बसला की पोळी तव्यावर पडते, लालबाग, स्टेशनजवळची घरगुती खानावळ. वाचलं आणि मला पटलंच. ह्यांच्या पाच विशेषणांत नव्हतं ते ह्या चार शब्दांत होतं. पण काका कपाळाला आठ्या घालून बसले होते.

"मोठे ळ दोन लागतात. माझ्याकडे एक."

आम्ही तासभर डोकं खाजवलं. पाळीच्या जागी 'वेळ' घालावं तर त्यातही ळ. 'शिफ्ट' म्हणावं तर फ आणि ट यांचा जोडखिळा काकांकडे नव्हता. ते म्हणाले, पाळीला ळ देऊ आणि पोळीचं काहीतरी करू. मी म्हटलं, खबरदार! पोळीतला ळ काढलात तर ती पोली होते, आणि पोकळ पोळी खायला कोण येईल? पोळीचा ळ पोळीलाच. ते म्हणाले, "बघतो." माझी कणीक भिजवायची राहिली होती, मी निघून आले.

पुढे काय झालं ते मला नंतर कळलं. त्यांनी मोठा ळ पोळीला दिला आणि पाळीत साधा ल बसवला. नेहमीच्या सवयीने कच्चा छाप घेऊन गल्लीत उभे राहिले आणि पहिल्या येणाऱ्याच्या हातात दिला. येणारा होता शेजारचा विणकर, शाळा हिंदीत झालेला. त्याने मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "दूसरी पाली को भी गरम रोटी? ये तो अच्छी बात है, काका." हिंदीत पाळीला पालीच म्हणतात. माणसाला एका दमात कळलं, म्हणजे छापायला हरकत नाही, असा काकांचा नियम. त्यांनी हजार कागद छापले.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारात ह्यांनी पाचशे पत्रकं वाटली आणि घरी आले ते हवेत तरंगतच. "अगं, लोकांना फार आवडलं! वाचताहेत आणि हसताहेत! एकमेकांना दाखवताहेत!" आमच्या ह्यांना कागदावर जे लिहिलंय ते कधी दिसलं नाही, लिहायला हवं होतं तेच दिसायचं. कारकुनी कशी केली देव जाणे.

दिवे लागले आणि दुसऱ्या पाळीची सुट्टी झाली. यावलकडचा एक मुकादम पाच-सहा माणसं घेऊन दारात आला. आत येईना. मान वर करून आढ्याकडे बघत होता.

"वहिनी, दुसरी पाल कुठे बसते जेवाले?"

"कोण पाल?"

"अन् पहिलीचं जेवण झालं का भो? का तिचं अजून चालू हाये?"

मागची माणसं पोट धरून हसत होती. त्याने कागद माझ्यापुढे धरला. 'दुसऱ्या पालीलाही गरम पोळी.' एवढ्या ठसठशीत अक्षरांत, आणि पोळीतला ळ कसा ऐटीत उभा होता! रावेर-यावलच्या माणसाला पाल एकच ठाऊक, भिंतीवर चुकचुकते ती.

मी पण हसले असते, दुसऱ्या कुणाची खानावळ असती तर. पहिल्या दिवशी ती थट्टा होती. दुसऱ्या दिवशी गिरणीत कुणीतरी म्हणालं, उगाच नाही छापलं, तिथे वरणात पाल पडली होती. तिसऱ्या दिवशी ती पाल कुणीतरी स्वतः बघितली होती. माझी नऊ माणसं होती त्यांतली पाच यायची बंद झाली. उरली चार पानं. दिवाळीला पंधरा दिवस उरले होते आणि मला रावेरची चूल डोळ्यांपुढे दिसायला लागली.

मी टांगा करून राजपुऱ्याला गेले. काका मान खाली घालून खिळे सोडवत होते. मी तो कागद त्यांच्या टेबलावर आपटला.

"हे काय छापलंत?"

त्यांनी वाचलं. "का? पाली म्हणजे पाळी. हिंदीत..."

"काका, माझ्याकडे जेवायला हिंदी येत नाही! रावेर येतं, यावल येतं, सावदा येतं! कोण वाचणार म्हणून सगळ्या गावाला विचारता ना? मग माझ्या वेळेला कुणाला विचारलंत?"

मी आयुष्यात वडीलधाऱ्या माणसाशी इतक्या मोठ्या आवाजात बोलले नव्हते. त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला, ह्या वेळी ओठ हलवत, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढला, दौत आणि टाक उचलला, छापखान्याला कडी घातली आणि माझ्याच टांग्यात पुढे बसले.

त्या दिवसापासून सहा दिवस हा माणूस गिरणीच्या दारात उभा होता, दोन्ही पाळ्या सुटताना. गळ्यात दोरीने दौत अडकवलेली. ज्याच्या त्याच्या पुढे हात करायचे, "भाऊ, तो कागद असेल तर द्या. एक अक्षर चुकलंय." कागद मिळाला की खाली बसून मांडीवर पाटी ठेवून ल वर काट मारायचे, वर सुबक ळ काढायचे, फुंकर घालून वाळवायचे आणि दोन्ही हातांनी परत द्यायचे. ज्याने पहिला फेकून दिला असेल त्याला उरलेल्या पाचशेंतला एक, तोही दुरुस्त करून. आणि बरोबर एवढंच बोलायचे, "चूक माझी. बाईंच्या घरी पाल नाही. मी चार दिवस जेवलो. वरण साधारण आहे, पण शेवटच्या माणसालाही पोळी गरम मिळते."

ही बातमी मुकादमाने मला आणून दिली तेव्हा मी कपाळावर हात मारला. वरण साधारण आहे हे सांगायची काय गरज होती? मी ह्यांना पाठवलं, काकांना म्हणावं, तेवढं वाक्य गाळा. काकांचा उलट निरोप आला, ते वाक्य गाळलं तर पुढच्यावर कोण विश्वास ठेवील?

आणि झालं तसंच. स्वतःची चूक चारचौघांत कबूल करणारा आणि ज्याची जाहिरात करतोय त्याच्याच वरणाला नाव ठेवणारा माणूस गिरणीवाल्यांनी कधी पाहिला नव्हता. इतका खरं बोलणारा म्हातारा पोळीबद्दल तरी कशाला खोटं बोलेल, असं त्यांना वाटलं असणार. दुसऱ्या दिवशी मुकादम पुन्हा आला, ह्या वेळी आत आला. पाटावर बसला, पहिला घास वरणाचाच घेतला.

"काका काहीबी सांगते. वरण चांगलंच हाये की."

मी त्याला तूप जरा जास्तच वाढलं. त्याच्या मागून त्याची माणसं आली, त्यांच्या मागून आणखी. वरण साधारण की चांगलं, यावर माझ्या ओसरीत दोन तट पडले आणि दोन्ही तट जेवायला यायचे. नाव मात्र पडायचं ते पडलंच. "चाल, पालीकडे जाऊ जेवाले," असं गिरणीत सर्रास म्हणू लागले. मी कानाडोळा केला.

धनत्रयोदशीला मोठे दीर रावेरहून गाडीने आले, रिकाम्या गोण्या आणि सुतळी घेऊन, आमचं सामान बांधायला. नेमकी दुसऱ्या पाळीची सुट्टी झाली होती. ओसरी भरलेली, पायरीवर माणसं, अंगणात माणसं. दीर सगळ्यांना ओलांडून आत यायला लागले तर मुकादमाने त्यांना हाताला धरून थांबवलं.

"दादा, नंबर लावा. आम्हीबी उभेच हाओत."

"अरे, मी घरचा माणूस आहे!"

"इथं सारे घरचेच जेवतात. बसा, बसा, तुमची पाळी येईल."

दीर गोण्या मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिले. मी आतून बघत होते, मुद्दाम उठले नाही. त्यांचा नंबर आला तेव्हा पाच पोळ्या खाल्ल्या. महिन्याच्या बोलीची माणसं किती झाली, हे त्यांनी विचारलं नाही. आमचे हे मात्र चेव आल्यासारखे तीनदा म्हणाले, "तेवीस, दादा, तेवीस." दीर म्हणाले, ऐकलं मी. दुसऱ्या दिवशी गोण्यांतून फराळाचे डबे घेऊन ते परत गेले.

ह्या सगळ्यात काका कुठेच नव्हते. गिरणीच्या दारातले सहा दिवस संपले आणि ते जे छापखान्यात जाऊन बसले, ते बाहेर निघेनात. मी निरोप धाडले, फराळ धाडला, डबा रिकामा होऊन परत यायचा. शेवटी तुळशीच्या लग्नानंतर एका दुपारी ते आपण होऊन आले. सगळ्यांचं उरकलं होतं, मी एकटीच चुलीपुढे होते. ते कोपऱ्यातल्या पाटावर बसले. मी तवा पुन्हा टाकला.

माझ्या मनात एक गोष्ट खुपत होती, ती मी बोलून टाकली. "काका, पोळीला ळ द्यायचा हट्ट माझा होता. मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. मला माफ करा."

"नाही बाई. मुंबईला पत्र टाकलं असतं तर मोठा ळ पंधरा दिवसांत आला असता. मी कुणाला थांबवत नाही का? लग्नं थांबवलीत मी."

"मग माझ्या वेळी का नाही थांबलात?"

त्यांनी पाटावरची एक नसलेली रेघ बोटाने पुसली. "तुम्ही त्या दिवशी सांगितलं, रावेरला जावं लागेल म्हणून. सांगताना तुम्ही माझ्याकडे नाही, ह्या चुलीकडे बघत होता. मग मला घाई झाली. चाळीस वर्षं छापतोय, कधी झाली नव्हती. पंधरा दिवस मला काढवेनात."

सख्ख्या माणसांनी माझ्यासाठी कधी घाई केली नव्हती, आणि ह्या माणसाने ती केली, वर सगळ्या गिरणीपुढे स्वतःचं हसं करून घेतलं, आणि कारण दीड महिना कुणाला सांगितलं नाही. मी पदर डोळ्यांना लावला तो किती वेळ कुणास ठाऊक. धुराचा वास आला तेव्हा भानावर आले. तव्यावरची पोळी काळीठिक्कर पडली होती. मी ती उचलून बाजूला टाकायला गेले, तर काकांनी ताट पुढे केलं.

"राहू द्या," ते म्हणाले, "गरम आहे ना?"